आधीचं रडणं कोणी ऐकलं होतं?

काही शोधनिबंध कथेइतक्याच बारकाईने वाचावेत असे असतात. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' या त्यांच्या संस्थेतल्या तीन सहकाऱ्यांनी लिहिलेला, डिसेंबर 1999 च्या 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निबंध त्यांपैकी एक. विषय: गडचिरोलीतल्या 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, तर मृत्यू किती टळतात?

त्यातला गाजलेला आकडा सर्वांना माहीत आहे. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. मला त्याच्या शेजारचा आकडा अधिक बोलका वाटतो. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी उपचारांआधी 16.6 टक्के दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर 2.8 टक्के. हे उपचार डॉक्टरांनी केले नव्हते. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांनी केले; त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्याच देत होत्या. निबंध हे सांगताना कुठेही आवाज चढवत नाही. गावातल्या बाईच्या हाती सुई देण्याचा निर्णय तो औषधाच्या मात्रेइतक्याच कोरडेपणाने नोंदवतो आणि पुढे जातो. एवढी धीट गोष्ट इतक्या सपाट सुरात सांगितल्यामुळेच वाचणारा थबकतो.

पण या कामाचा गाभा सापडतो तो जंतुसंसर्ग ओळखण्याच्या निकषांत. याच संशोधनातून 2005 मध्ये ते निकष स्वतंत्रपणे मांडले गेले. बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. दूध ओढणं कमी झालं किंवा बंद पडलं. हातपाय ढिले पडले. हाताला बाळ गार लागतं, असं आई म्हणते. अशा मोजक्या खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू. रक्ततपासणी नाही, यंत्र नाही. आईचं म्हणणं इथे पुराव्याच्या रांगेत बसतं.

आता या खुणा पुन्हा वाचा. बहुतेक खुणांत एक बदल गृहीत धरलेला आहे. क्षीण झालं, म्हणजे आधी खणखणीत होतं. ढिले पडले, म्हणजे आधी ताठ होते. ते आधीचं कुणीतरी पाहिलेलं असलं, तरच निदान होणार. म्हणून त्याच बाईने त्याच घरी पुन्हापुन्हा जाणं हीच या पद्धतीतली तपासणी आहे. आधीच्या भेटीवाचून नंतरच्या भेटीला अर्थ उरत नाही.

हे संशोधन धोरणात उतरलं. 2011 मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरच्या आशा स्वयंसेविकांकडे सोपवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. वजन, ताप, श्वास, स्तनपान, सगळ्याला रकाना आहे. इंजेक्शन मात्र आशांच्या हातून सुटलं.

आता जंतुसंसर्ग ओळखण्याचे ते निकष घेऊन नागपूरजवळच्या बुटीबोरीत या. एमआयडीसीत काम करणारी, बाहेरून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोलीत राहतात. बाळंतपणाला बाई माहेरी जाते आणि लेकरू काही आठवड्यांचं झालं की परतते. चौदाव्या दिवसाची भेट एका जिल्ह्यात, अठ्ठाविसाव्या दिवसाची दुसऱ्यात, असं होऊ शकतं. इथली आशा दारात उभी राहते, तेव्हा हे बाळ तिने याआधी पाहिलेलंच नसतं. सदरा वर करून ती छाती निरखते, घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरला तर धोका, हे तिला कळतं. पण रडणं बारीक झालंय की बाळाचा आवाजच तसा आहे, हे तिने कशावरून ठरवायचं?

गडचिरोलीची गावं स्थिर होती आणि निबंधाचं सारं बळ त्या स्थिरतेवर उभं आहे. हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची अट आहे. चांगला निबंध आपली अट लपवत नाही. ती वाचून काढणं आपलं काम. बुटीबोरीसारख्या गावात बाळासोबतच्या कार्डावर वजन आणि लसींइतकीच ठळकपणे आधीच्या आशेची निरीक्षणं लिहिलेली हवीत, आणि नव्या आशेने पहिला प्रश्न आईला विचारायला हवा: काल कसं होतं? आई सांगेल ते उत्तर इथे शिष्टाचाराचं नाही. 'लॅन्सेट'मधला तो निबंध ज्या पुराव्यावर उभा आहे, त्यातलाच तो एक पुरावा आहे.