जुन्या चेंडूची शाळा

नुसत्या आकड्यांवर गेलं तर झहीर खान महान वेगवान गोलंदाजांच्या पहिल्या रांगेत बसत नाही. ९२ कसोटी, ३११ बळी आणि जवळपास ३३ची सरासरी. ही सरासरी मला फसवी वाटते, कारण तिच्यात दोन निराळे गोलंदाज एकत्र मोजले गेले आहेत. २००६च्या आधीचा झहीर वेगळा आणि नंतरचा वेगळा. पहिल्याचा दुसरा कसा झाला, हे पाहिलं की आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजीचं आज काय हरवत चाललंय तेही कळतं.

श्रीरामपूर हा उसाचा मुलूख. तिथून वेगवान गोलंदाज यावा अशी काही परंपरा नव्हती. मुंबईने रमाकांत देसाई दिला होता. महाराष्ट्राचा पांडुरंग साळगावकर सत्तरच्या दशकात फलंदाजांना धडकी भरवायचा, पण कसोटीची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. झहीर मुंबईत आला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या नजरेखाली खेळला, मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला आणि रणजी खेळला तो बडोद्याकडून. २००० साली नैरोबीत स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवणारा त्याचा यॉर्कर ज्यांनी पाहिला, त्यांना वाटलं की आता आपली चिंता मिटली. तोवर त्याच्याकडे भांडवल होतं ते वेगाचं आणि उमेदीचं. २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जोहान्सबर्गला पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि त्या दिवशी ७ षटकांत ६७ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही. पुढची दोन-तीन वर्षं दुखापती, संघातून आत-बाहेर, आणि अखेर २००६मध्ये तो संघाबाहेर गेला.

त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून कौंटी खेळला आणि हंगामात ७८ बळी घेतले. कौतुक आकड्याचं नाही, ते ज्या पद्धतीने मिळाले तिचं आहे. कौंटीत चार दिवसांचा सामना संपला की थोड्याच दिवसांत पुढचा उभा राहतो. दर वेळी जीव तोडून धावलात तर जुलै उजाडायच्या आत शरीर मोडतं. म्हणून झहीरने रन-अप आखूड केला, चेंडू टाकण्याआधीची ती मोठी उडी आवरती घेतली. वेग थोडा उतरला, पण मनगट ताब्यात आलं. कुणी व्याख्यान देऊन शिकवलेली ही गोष्ट नव्हे. शेकडो षटकं टाकता टाकता ती अंगात मुरते.

तो जे शिकून आला ते जवळून पाहण्यासारखं आहे. चेंडू जुना झाला, एक बाजू खरखरीत आणि दुसरी घासून चकचकीत झाली की रिव्हर्स स्विंगची वेळ येते. कसलेला फलंदाज गोलंदाज धावत येत असतानाच चकाकती बाजू कुठे आहे ते हेरतो आणि चेंडू कुठे वळणार याचा अंदाज बांधतो. झहीर धावताना उजव्या हाताने चेंडू झाकून घ्यायचा. हात उघडायचा तो अगदी शेवटच्या क्षणी, तेव्हा फलंदाजाला वाचायला वेळच उरत नसे. त्यात तो राउंड द विकेट आला की उजव्या फलंदाजाला चेंडू स्टम्पकडे आत येताना दिसायचा. फलंदाज खेळायला बांधलेला, आणि टप्प्यानंतर चेंडू किंचित बाहेर निघून बॅटची कड घ्यायचा. इथे वेगापेक्षा कोनाचं आणि लपवाछपवीचं काम जास्त आहे. माझ्या मते, डावखुऱ्या वेगवान गोलंदाजीत भारतीयाने यापेक्षा बारीक काम केलेलं नाही.

२००७मध्ये ट्रेंट ब्रिजला क्रीझवर कुणीतरी जेली बीन्स टाकल्या आणि तो चिडला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या कसोटीतले ९ बळी मात्र रागाने मिळालेले नव्हते, आदल्या उन्हाळ्याच्या मेहनतीचे होते. भारताने १९८६नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २०११च्या विश्वचषकात त्याने नकल बॉल काढला. हात त्याच वेगाने येतो, पण चेंडू बोटांच्या पेरांवर धरलेला असल्यामुळे संथ निघतो. अहमदाबादला माइक हसीसारखा फलंदाज त्यावर त्रिफळाचीत झाला. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात पहिल्या ५ षटकांत ६ धावा, त्यातली ३ निर्धाव आणि एक बळी. शेवटच्या षटकांत त्यालाही मार पडला, हे सांगायलाच हवं. स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. चारच महिन्यांनी लॉर्ड्सवर १३.३ षटकं टाकून २ बळी घेतल्यावर मांडीचा स्नायू दुखावला, तो मैदान सोडून गेला आणि भारत ती मालिका ०-४ हरला.

आज भारताकडे त्याच्यापेक्षा वेगवान गोलंदाज आहेत, तंदुरुस्तीची सोय कितीतरी चांगली आहे. अडचण वेळेची आहे. एप्रिल-मेमध्ये इंग्लंडच्या ओलसर हवेत चेंडू सर्वाधिक हलतो, नेमके तेच दोन महिने आयपीएलचे. तिथे एका सामन्यात चार षटकं टाकायची, तीही तुकड्या-तुकड्यांत. चेंडू जुना होऊन बोलू लागण्याआधीच डाव संपतो. रणजीचा हंगामही आता मध्ये तोडून दोन टप्प्यांत खेळवला जातो. आमचे गोलंदाज कौंटीला जातात, पण बहुतेक वेळा चार-पाच सामन्यांपुरते.

बुमराकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की हे सगळं न करताही गोलंदाज घडतो. खरं आहे, पण बुमराची शैलीच इतकी एकमेव आहे की तिच्यावरून नियम काढता येत नाही. पाठीच्या दुखापतीनंतर वर्कलोड सांभाळायचा म्हणून २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला. सिराज पाचही खेळला, १८५हून जास्त षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलची कसोटी ६ धावांनी जिंकून दिली. मालिकेच्या शेवटच्या कसोटीत तो सर्वात धारदार होता. षटकांनी शरीर झिजतं हे मान्यच, पण हातही त्यांनीच घडतो. वर्कलोडच्या चर्चेत ही दुसरी बाजू मला फारशी ऐकू येत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

सर्वात जास्त जीव तुटतो तो अर्शदीप सिंगसाठी. टी-२०त त्याने सिद्ध करायचं काही बाकी ठेवलेलं नाही. नवा चेंडू दोन्हीकडे वळवतो, शेवटच्या षटकांत डोकं थंड ठेवतो. २०२३मध्ये केंटकडून थोडे सामने खेळला. २०२५च्या त्या दौऱ्यावर तो संघात होता, पण एकही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. त्याला संपूर्ण कौंटी हंगाम द्यायचा तर आयपीएलचा निदान एक हंगाम सोडावा लागेल. फ्रँचायझी, मंडळ आणि खुद्द खेळाडू, तिघांपैकी कुणीतरी हे आधी बोलायला हवं, आणि तो अजून विशीत आहे तोवरच बोलायला हवं.