पाठ्यपुस्तकातील साहित्य आणि ‘कोवळे मन’

शालेय पाठ्यपुस्तक हा वाङ्मयाचा असा एक प्रांत आहे, की ज्याच्याकडे समीक्षेने आजवर बहुधा पाठच फिरवलेली आहे. हजारभर प्रती निघणाऱ्या कादंबरीवर परिसंवाद घडतात. परंतु ज्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती निघतात आणि जे पंधरा वर्षांच्या वाचकाला वाचावेच लागते, त्याचा विचार शिक्षणखात्याकडे सोपवून समीक्षक मोकळे होतात. याचा परिणाम असा होतो, की पाठ्यपुस्तकातील साहित्याविषयी वाद उद्भवला म्हणजे त्या वादाची परिभाषा आरंभापासूनच राजकारणाची असते. बेंगळूर येथे २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत कन्नड पाठ्यपुस्तकांवरून जे वादळ उठले, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मराठी वाचकाला तर त्यात विशेष स्वारस्य वाटावे. कारण त्या वादात ज्या नावांची ये-जा झाली, त्यांपैकी चार नावे महाराष्ट्राच्या इतिहासातील आहेत.

घटनाक्रम थोडक्यात असा. कर्नाटक शासनाने रोहित चक्रतीर्थ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पाठ्यपुस्तकांची फेरतपासणी केली. या फेरतपासणीत दहावीच्या कन्नड पुस्तकातून पी. लंकेश यांचा ‘मृग मत्तु सुंदरी’ हा पाठ, सारा अबूबकर यांची ‘युद्ध’ ही कथा आणि ए. एन. मूर्तिराव यांचा ‘व्याघ्रगीते’ हा लेख वगळण्यात आल्याचे मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. खरा आदर्श पुरुष कोण असावा, या विषयावरील डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांचे विचार पाठाच्या रूपाने त्याच पुस्तकात आले. ज्येष्ठ कथाकार देवनूर महादेव यांनी आपल्या पाठाला दिलेली अनुमती मागे घेतली. जी. रामकृष्ण, कवयित्री रूपा हासन आणि इतर काही लेखकांनी तोच मार्ग स्वीकारला. हंप नागराजय्या यांनी राष्ट्रकवी कुवेंपु प्रतिष्ठानाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. जून २०२२ मध्ये समिती विसर्जित झाली; पुस्तके मात्र राहिली. पुढे राज्यात सत्तांतर झाले आणि नव्या मंत्रिमंडळाने १५ जून २०२३ रोजी सहावी ते दहावीच्या कन्नड व समाजविज्ञान पुस्तकांत पुन्हा बदल करण्याचे ठरविले. हेडगेवारांचा पाठ व सावरकरांवरील पाठ गेला. सावित्रीबाई फुले यांच्यावरील पाठ, पंडित नेहरूंनी कन्या इंदिरेला लिहिलेली पत्रे आणि डॉ. आंबेडकरांवरील कविता यांना स्थान मिळाले. तोवर शाळा सुरू होऊन पुस्तके मुलांच्या हाती पडलेली असल्यामुळे हे बदल पुरवणीच्या द्वारे करावे लागले.

या दोन्ही निर्णयांमागील विचारसरणी परस्परविरोधी आहेत, हे उघड आहे. त्यांचे ऐतिहासिक वा नैतिक मूल्य एकच आहे, असेही कोणी म्हणणार नाही. तथापि त्यांची रीत पाहिली तर एक साम्य डोळ्यांत भरते. दोन्ही वेळा मोजदाद झाली ती नावांची. अमुक थोर पुरुषाला स्थान मिळाले की नाही, अमुक लेखक कोणत्या पक्षाचा, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. त्या पाठाचे गद्य कसे आहे, त्यातील अनुभव कोणत्या प्रतीचा आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या भाषेत व संवेदनेत तो कोणती भर घालतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. हेडगेवार, सावरकर, सावित्रीबाई आणि आंबेडकर ही चार नावे पुतळ्यांप्रमाणे चौथऱ्यावर चढविली वा उतरविली गेली. यांपैकी सावित्रीबाई या ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध करणाऱ्या कवयित्री होत्या आणि सावरकर हे अंदमानच्या बंदिवासात ‘कमला’ हे काव्य रचणारे कवी होते, ही गोष्ट वादाच्या धुराळ्यात कोठल्या कोठे हरवून गेली.

याचे एक बोलके उदाहरण सावरकरांवरील पाठाचेच आहे. आठवीच्या पुस्तकातील के. टी. गट्टी यांच्या ‘कालवन्नु गेद्दवरु’ या प्रवासवर्णनपर लेखातील एका वाक्यावरून ऑगस्ट २०२२ मध्ये मोठा गदारोळ झाला. सावरकरांच्या कोठडीला किल्लीच्या छिद्राएवढीही फट नव्हती, तरी तेथे बुलबुल पक्षी येत आणि त्यांच्या पंखांवर बसून सावरकर रोज मातृभूमीला भेट देऊन येत, अशा आशयाचे ते वाक्य आहे. विरोधकांनी त्याचा यथेच्छ उपहास केला. समर्थकांनी ते रूपक असल्याचे सांगितले. येथे खरा प्रश्न वाङ्मयीन आहे आणि तो अगदी साधा आहे: हे रूपक सिद्ध झाले आहे काय? बंदिवानाचे मन पाखराच्या पंखांवरून घरी जाते, ही कल्पना जुनी आणि सुंदर आहे. तिच्यात हास्यास्पद काहीच नाही. परंतु कोठडीचे वर्णन वस्तुस्थितीच्या सुरात करून लगेच त्याच सुरात पक्ष्यांवरील प्रवास सांगितला, मध्ये कल्पनेची चाहूल देणारा शब्द ठेवला नाही, तर वाचकाला वस्तुस्थितीतून कल्पनेत नेणारा उंबरठाच नाहीसा होतो. दोष असलाच तर तो येथे आहे. सावरकरांच्या मोठेपणाशी वा लहानपणाशी त्याचा संबंध नाही. आठवीच्या वर्गात एखाद्या कुशल शिक्षकाने ‘हे खरे की कल्पना? आणि हे तुम्ही कशावरून ओळखाल?’ एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर अलंकारशास्त्राच्या दहा व्याख्या पाठ करून जे साधत नाही ते साधले असते. तसे करण्याची संधी उपहासाने घालविली, भक्तीनेही घालविली; आणि अखेर पाठच गेल्यामुळे प्रश्न उरला नाही.

जे गेले आणि जे आले त्यांचा हिशेबही याच दृष्टीने मांडला पाहिजे. मूर्तिरावांचा ‘व्याघ्रगीते’ हा विनोदी ललित लेख आहे. भारतातील वाघ धर्म जाणणारा असल्यामुळे पाठमोऱ्या माणसावर झडप घालीत नाही, या कल्पनेवर त्याची उभारणी आहे. गंभीर चेहऱ्याने सांगितलेली गंमत ओळखणे, शब्द एक म्हणत असताना स्वर दुसरे सुचवितो हे ध्यानात येणे, ही वाचनातील एक पायरी आहे आणि ती याच वयात चढावी लागते. असा लेख गेला म्हणजे वाचकाच्या शिक्षणातील एक इयत्ता गळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याच फेरतपासणीत यमकाचा त्याग आपण का केला हे सांगणारा एम. गोविंद पै यांचा लेख आला, आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील शुकनासाचा उपदेश बन्नंजे गोविंदाचार्य यांच्या कन्नड गद्यातून आला. एक कवी छंदाचे बंधन का तोडतो, हे दहावीच्या मुलाने वाचणे ही चांगलीच गोष्ट आहे. शुकनासाचा उपदेश तर प्रस्तुत विषयाशी अगदी जवळून निगडित आहे. यौवनात पदार्पण करणाऱ्या चंद्रापीडाला वृद्ध मंत्री तारुण्याचा, सौंदर्याचा आणि लक्ष्मीचा उन्माद उघड्या शब्दांत सांगतो. त्याच्यापासून काही झाकून ठेवावे असे त्याला वाटत नाही. तरुणाला जपण्याचा मार्ग त्याला अधिक सांगण्यातून जातो, हे बाणाने सातव्या शतकात ओळखले होते. परंतु या पाठांची अशी चर्चा झाली नाही. त्यांचीही गणना अमक्या समितीचे म्हणूनच झाली.

अशा प्रत्येक वादात ‘कोवळ्या मनावरील संस्कार’ हा शब्दप्रयोग दोन्ही पक्ष करतात. हे कोवळे मन कोणाचे? त्याला कोणी काही विचारलेले नसते. ते वादकर्त्यांनी आपल्या भीतीतून निर्माण केलेले एक पात्र असते. मराठी साहित्याला या पात्राची ओळख न्यायालयाच्या मार्गाने झालेली आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. कथा फारशा उच्च वाङ्मयीन गुणवत्तेची नसेल, असे न्यायालयाने मोकळेपणाने म्हटले. पण कथा समग्रपणे वाचली पाहिजे आणि कामभावनेचा केवळ उल्लेख झाला म्हणून ती किशोरांना वर्ज्य ठरवावयाची तर त्यांना धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच वाचता येणार नाही, अशा आशयाचे मतही मांडले. विशेष म्हणजे हे सामान्य मानलेल्या कथेच्या बाबतीत घडले. वाचण्याचा अधिकार केवळ अभिजात कृतींपुरता असता, तर त्याला अधिकार म्हणण्याचे कारणच उरले नसते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्बल नाही. शाळा म्हणजे पुस्तकांचे दुकान नव्हे. पुस्तकात पंधरा-वीस पाठच मावतात. एक घेणे म्हणजे दुसरा सोडणे आलेच. मग निवडीला बंदी का म्हणावे? निवड आणि बंदी यांतील भेद कृतीत नसून कारणात आहे, हे याचे उत्तर होय. एका कथेऐवजी दुसरी कथा का घेतली याचे कारण त्या दोन कथांच्या भाषेतून, आशयातून, इयत्तेच्या आवाक्यातून सांगता येत असेल आणि ते आधी व उघडपणे सांगितलेले असेल, तर ती निवड. कारण लेखकाच्या नावात, धर्मात, पक्षात किंवा बाहेरच्या दडपणात असेल, तर ती बंदी. मग तिला फेरतपासणी म्हटले तरी फरक पडत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी आंदोलनाच्या धमकीनंतर अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा तिच्या वाङ्मयीन गुणदोषांत काल-आज असा कोणताही बदल झालेला नव्हता. तरीही तेथे विद्यार्थी दुकानात जाऊन ती कादंबरी विकत घेऊ शकत होता. शालेय पाठ्यपुस्तकातून गेलेल्या पाठाची स्थिती याहून शोचनीय असते. पुढल्या वर्षीच्या मुलाला काय गेले याची वार्ताही नसते. आणि ज्या घरात दुसरे पुस्तक नाही, त्या घरात ते साहित्य अस्तित्वातच नसते.

लेखकांनी अनुमती मागे घेतली त्या कृतीचे मोलही येथेच ठरते. लेखकाच्या स्वाभिमानाची ती उचित खूण होती आणि तिने झोपलेल्या वाङ्मयविश्वाला जागे केले, यात संशय नाही. परंतु देवनूर महादेवांचा पाठ पुस्तकाबाहेर जाण्यात हानी कोणाची होते? समितीची होत नाही. चामराजनगर वा रायचूरच्या एखाद्या खेड्यातील ज्या मुलाला तो पाठ वाचून पहिल्यांदाच आपल्या बोलीची प्रतिष्ठा कळली असती, त्याची होते. लेखकाला आपले शब्द परत घेऊनच आपला शब्द राखावा लागावा, ही स्थिती ज्या समाजात येते त्याने ती केवळ शासनाच्या माथी मारून चालणार नाही. त्या पुस्तकांचे परीक्षण, ती शांतपणे निघत होती त्या सर्व वर्षांत, वाङ्मयीन नियतकालिकांनी किती वेळा केले?

पाठ्यपुस्तकाची दरवर्षी रीतसर समीक्षा व्हावी, प्रत्येक वगळलेल्या व घेतलेल्या पाठाची कारणे पुस्तकासोबतच छापली जावीत आणि ती कारणे साहित्याच्या भाषेत मांडण्याची सक्ती समित्यांवर असावी, एवढे जरी घडले तरी नावांच्या मोजदादीला आळा बसेल. सत्ता बदलली की पाने बदलणार, हे पंधरा वर्षांच्या वाचकाला आता समजू लागले आहे. पुस्तकातील अक्षर हे तात्पुरते असते, हा संस्कार त्याच्या मनावर एकदा झाला, तर पुढे कोणत्याच पाठाने तो पुसला जाणार नाही.