१२०० मेगापास्कल, पण कशाचे?

रूट कॅनालनंतर दाढेवर सिरॅमिकची कॅप बसवायची ठरली की समोर माहितीपत्रक येतं. त्यातला तक्ता साधारण असा: ई-मॅक्स (म्हणजे लिथियम डायसिलिकेट) ४०० मेगापास्कल, झिर्कोनिया १२००. तिप्पट मजबूत! मग विचार कसला करायचा?

माझा आक्षेप या तक्त्यालाच आहे. आकडे खोटे नाहीत, पण ते तुमच्या कॅपचे नाहीत.

आधी आकडा येतो कुठून ते बघू. आयएसओ ६८७२ या मानकातल्या एका चाचणीत सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची चकती तीन गोळ्यांवर ठेवतात आणि वरून मधोमध दाबून मोडतात. मोडताना पडलेला ताण म्हणजे हे मेगापास्कल. ताण हा पदार्थाचा गुण झाला. कॅप किती भार पेलेल हे जाडीवरही ठरतं. सपाट तुकड्याची जाडी निम्मी केली, तर पेलणारा भार चौथाईवर येतो. म्हणजे १२०० वाला तुकडा निम्म्या जाडीचा असेल, तर तो पूर्ण जाडीच्या ४०० वाल्यापेक्षा आधी मोडेल. शिवाय दाढ काही सपाट चकती नाही. ती लाळेत भिजलेली असते आणि वर्षानुवर्षं चावत असते.

दुसरी गफलत नावात आहे. झिर्कोनिया एकच नसतं. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की झिर्कोनियात भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक रूप बदलतात आणि फुगतात. त्या फुगण्याने भेग दाबली जाते. झिर्कोनियाचा चिवटपणा येतो तो इथून. दातांसाठीच्या नेहमीच्या झिर्कोनियात ३ मोल टक्के यट्रिया असतं, म्हणून त्याला ३वाय म्हणतात. ते दिसायला जरा चुन्यासारखं पांढरं. यट्रिया ५ टक्क्यांवर नेलं (५वाय) की घन रचनेचे स्फटिक वाढतात, प्रकाश कमी विखुरतो आणि कॅप खऱ्या दातासारखी दिसते. पण घन स्फटिक रूप बदलत नाहीत, त्यामुळे भेग अडवणारी युक्तीच लंगडी पडते. ताकद साधारण ५०० ते ७०० वर येते. तरी पत्रकावर वर '१२००' आणि खाली पारदर्शक कॅपचा फोटो! दोन्ही गुण एकाच पदार्थाचे आहेत असं वाटावं अशी ही मांडणी आहे.

तिसरी गोष्ट तक्त्यात नसतेच: चिकटणं. ई-मॅक्समध्ये काच असते. हायड्रोफ्लोरिक आम्लाने ती कोरली जाते आणि रेझिन सिमेंट घट्ट धरतं. झिर्कोनियात अशी काच नाही. तिथे वाळूचा हलका मारा आणि वेगळा प्रायमर लागतो. दात आखूड असेल, तर हा फरक मेगापास्कलपेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो.

निवड अर्थातच तुमचा दात बघून डॉक्टरच सुचवतील. तुम्ही एवढं विचारा: झिर्कोनिया ३वाय, ४वाय की ५वाय? कॅपला जाडी किती मिळणार आणि त्यासाठी दात किती घासणार? चावा जुळवताना कॅप घासावी लागली, तर नंतर पॉलिश करणार ना? खरखरीत राहिलेलं झिर्कोनिया समोरचा दात झिजवतं.

आणि हो, वॉरंटी कार्ड कॅपचं असतं. खालच्या दाताला वॉरंटी नसते.