ड्रुरीची दोन किलवर

ब्रिजमधल्या साऱ्या संकेतबोल्यांत मला सर्वांत उमदी वाटते ती ड्रुरी. म्हणायचं फक्त ‘दोन किलवर’, आणि हातात किलवर असण्याची गरज नाही.

समजा, पहिले दोघे पास झालेत. तिसऱ्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि एक बारीक पान, शिवाय चौकटचा राजा. जेमतेम 9 पॉइंट. पहिल्या जागी ही पानं पासच करावीत. तिसऱ्या जागी मात्र ‘एक इस्पिक’ म्हणण्यात शहाणपण आहे. पार्टनर पास झालाय, तेव्हा बळ चौथ्याकडे असण्याचा संभव जास्त. त्याची वाट अडते, आणि डाव विरुद्ध बाजूने घेतलाच तर पार्टनरला उतारी सुचते.

पण पार्टनरकडे इस्पिकच्या एक्क्यासह तीन पानं, चौकटचा एक्का, बदामचा राजा असे 11 पॉइंट असले तर? तो भरात ‘तीन इस्पिक’ म्हणतो. मोजून पाहा: इस्पिकचे पाच हात, चौकटचे दोन, बदामचा एक्का सोयीच्या बाजूला असेल तर राजाचा एक. आठच! लागतात नऊ.

टोरांटोचे डग्लस ड्रुरी यांना ही अडचण रोजची होती. त्यांचे पार्टनर एरिक मरे तिसऱ्या जागी फार हलक्या पानांवर ओपन करत. ड्रुरींनी पार्टनरच्या धाडसाला वेसण घातली नाही, स्वतःचं उत्तर बदललं. आधी पास झालेल्याने ‘दोन किलवर’ म्हणून सांगायचं: तुमच्या रंगाला आधार आहे, दहा-बारा पॉइंट आहेत, तुमचं ओपनिंग खरं आहे का? या प्रश्नात अविश्वास नाही, आणि तो दोनच्या पातळीवरच विचारला जातो. वरच्या डावात बोली ‘दोन इस्पिक’वरच थांबते, आठ हातांत काम भागतं.

मूळ पद्धतीत हलकेपणा ‘दोन चौकट’ने कळवत. पुढे ते उलटलं: आपलाच रंग दोनला म्हटला की हलकं. मला ही उलटी ड्रुरीच सरस वाटते. दुबळ्या पानांवर बोली तिथेच थांबते, विरुद्ध बाजूला फुकटची संधी मिळत नाही. किंमत आहेच. पास झाल्यावर खरे लांबलचक किलवर दोनला सांगता येत नाहीत, आणि विरुद्ध बाजू डबल देऊन किलवरची उतारी मागू शकते. तरीही सौदा फायद्याचा आहे.

तिसऱ्या जागी हलकं ओपन करणार असाल, तर बसण्यापूर्वी पार्टनरशी ड्रुरी ठरवून घ्या, आणि मूळ की उलटी तेही.