विनामूल्य अंकांचे रूप आणि गावाची ओळख

वर्गणी भरून मागविलेले नियतकालिक आणि आपण होऊन घरी आलेला विनामूल्य अंक या दोहोंकडे वाचक एकाच नजरेने पाहत नाही. पहिल्याची निवड त्याने केलेली असते. दुसरा न बोलावता दारात येऊन उभा राहतो. विक्रेत्याच्या दोरीवर टांगलेल्या मासिकाला शेजारच्या दहा मासिकांशी झगडून लक्ष वेधावे लागते, म्हणून त्याचे मुखपृष्ठ दर खेपेस नवे असते. विनामूल्य अंकाची गरज नेमकी उलटी आहे. ‘हा आपल्याच गावचा’ ही ओळख पहिल्या दृष्टिक्षेपात पटली नाही, तर तो न उघडताच रद्दीत जातो. म्हणूनच त्याचे रूप सहसा बदलत नाही. आमच्या धर्मग्रामांची वार्तापत्रे, सणाच्या स्मरणिका आणि नाताळचे अंक यांना मराठी समीक्षेने कधी वाङ्मय मानले नाही, आणि त्यातील बराचसा मजकूर पाहता तो दोष सर्वस्वी समीक्षेचा आहे असेही म्हणवत नाही. तथापि ज्या घरात वर्षाकाठी एकही पुस्तक विकत घेतले जात नाही, तेथेही हे अंक पोचतात. त्यांच्या मजकुरापेक्षा त्यांच्या रूपाविषयी येथे काही लिहावे असे आम्ही योजले आहे. कारण ‘आपण कोण’ हे आमचा समाज स्वतःला कसे सांगतो, ते या रूपात अधिक उघडपणे दिसते.

या रूपाला एक वंशावळ आहे. इंग्लंडमधील डर्बी येथे जॉन अर्स्किन क्लार्क या अँग्लिकन धर्मगुरूने 1859 साली ‘पॅरिश मॅगझिन’ सुरू केले. ते फुकट वाटले जात नसे, परंतु त्यामागील योजना आजच्या विनामूल्य अंकांनाही लागू पडते. आतली पाने सर्वांसाठी एकच छापायची आणि प्रत्येक पॅरिशने आपले नाव व आपल्या बातम्या असलेली पाने त्याभोवती वेष्टनासारखी गुंडाळायची. खर्च वाचला, गावोगावी अंक निघू लागले. पण त्याचबरोबर एक समजही रूढ झाला, तो असा की पोट सर्वांचे सारखे असले तरी चालते. गावाची ओळख वेष्टनावर छापता येते. वसईतील आमच्या धर्मग्रामांच्या अंकांना त्या इंग्रजी अंकाची माहिती असण्याचे कारण नाही. तरीही तोच समज येथे मुरलेला आढळतो.

चर्चच्या दर्शनी भागाचे चित्र वर्षानुवर्षे एकाच जागी का छापले जाते, याचे उत्तर काही अंशी छापखान्यात सापडते. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात चित्रासाठी धातूचा ठसा करून घ्यावा लागे. तो महाग पडे. एकदा केलेला ठसा झिजेपर्यंत वापरणे हाच शहाणपणा होता. अशा रीतीने काटकसरीतून एक परंपरा जन्मास आली, आणि वाचकाला ती इतकी सवयीची झाली की चर्चचे चित्र नसलेला अंक त्याला परका वाटू लागला. पुढे ऑफसेट आले, संगणक आला, श्रीलिपीसारख्या प्रणालींनी देवनागरी अक्षर टेबलावर आणून ठेवले. काटकसरीचे कारण संपले. संकेत मात्र राहिला, किंबहुना त्यावर नवी आभूषणे चढली. चर्चच्या चित्रात विरघळत गेलेला समुद्र, त्यात विरघळत गेलेला धर्मगुरूंचा चेहरा, आणि त्यावर सोनेरी कडा असलेली फुगीर अक्षरे. आता तर मोबाइलवर तयार नमुने मिळतात, आणि जी फुलांची चौकट प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या अभिनंदनाला तीच श्रद्धांजलीला लावलेली दिसते. अशा ठिकाणी रुचीचा प्रश्न दुय्यम ठरतो. ज्याने ती चौकट लावली त्याने मजकूर वाचला होता काय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेप मुखपृष्ठावरील ‘वसई’विषयी आहे. किल्ल्याचा बुरूज, माडांची रांग, बैलांनी ओढलेला रहाट, केळीची बाग आणि लाल लुगडे नेसलेली, डोईवर टोपली घेतलेली स्त्री, एवढ्या साहित्यावर आमची बहुतेक मुखपृष्ठे सजतात. यातील प्रत्येक गोष्ट खरी होती. रहाटांनी वाड्या शिंपल्या, राजेळी केळ्यांची सुकेळी वसईचे नाव घेऊन दूरवर गेली, आणि त्या लाल लुगड्यातील बायांनी पाने-फुले मुंबईच्या बाजारात नेऊन घरे उभी केली. पण विजेचे पंप आल्यावर रहाट थांबले, आणि ज्या मुलाच्या हाती आज हा अंक पडतो त्याने तो फिरताना पाहिलेला नाही. चित्राखाली साल नसते, वाडीचे नाव नसते. ती स्त्री कोण, हे तर कोणीच सांगत नाही. बहुधा ती पाठमोरी असते. आतल्या पानावर समितीच्या सभासदांची छायाचित्रे पूर्ण नावानिशी आणि हुद्द्यानिशी येतात; मुखपृष्ठावरची आजी मात्र निनावी राहते. एवढे तिचे मोल मानायचे, तर तिचे नाव विचारण्याचे कष्ट घ्यायला नकोत काय? नाव आणि साल दिले की तेच चित्र दस्तऐवज होते. न दिले तर ते पर्यटन-पत्रकातील चित्राहून निराळे उरत नाही. मुलांना वारसा कळावा म्हणून अशी चित्रे छापतो, असे काही संपादक म्हणतात. हेतू चांगलाच आहे, परंतु निनावी वारसा मुलांच्या लक्षात कसा राहणार, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

आता अंक उलटा करावा. मुखपृष्ठावर केळीची बाग आणि मलपृष्ठावर गगनचुंबी इमारतीची रंगीत जाहिरात, हे दृश्य आमच्या वाचकाला इतके परिचित आहे की त्यातील विसंगती त्याला आता टोचतही नाही. ही तीच वसई, जेथे गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. 1983 ते 2007 या काळात ‘सुवार्ता’चे संपादकपदही त्यांच्याकडेच होते, लेखणी आणि पाणी-जमिनीचा लढा या दोन गोष्टी त्या माणसात वेगळ्या नव्हत्या. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, तीतून गावे वगळावीत यासाठी लोक रस्त्यावर उतरले, आणि 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेलेली दिसली. असा इतिहास असलेल्या गावचा अंक समोरून बाग दाखवितो आणि बागेच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमल्याच्या पैशातून छापला जातो. अंक विनामूल्य आहे म्हणजे त्याचे मूल्य कोणीच देत नाही असे नव्हे; वाचक देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरात नाकारा, असे आम्ही सोवळेपणाने सांगणार नाही, कारण छापखान्याचे बिल आशीर्वादांनी फिटत नाही. परंतु ज्या अंकाने आपल्या धर्मग्रामातील विहिरींच्या पाण्याविषयी वर्षभरात एक ओळ छापली नाही, त्याने मुखपृष्ठावर रहाट छापू नये.

सगळ्याच जाहिराती मात्र सारख्या नसतात. त्यातल्या लहान, एकरंगी, पानाच्या तळाशी दाटीवाटीने बसलेल्या जाहिराती आम्हांला नेहमीच वाचनीय वाटत आल्या आहेत. बेकरीवाला, मंडपवाला, बँडवाला, लग्नाचे जेवण करून देणारा, शवपेट्या बनविणारा सुतार. ‘अमुक आळीच्या नाक्यावर, विहिरीजवळ’ असा त्यांचा पत्ता असतो. पालिकेच्या कागदावर त्या रस्त्याला निराळे नाव असेल, टपालखात्याला पिन कोड पुरत असेल. आळीचे नाव मात्र सुताराच्या दोन इंची चौकटीत टिकून आहे. कधी आडनावापुढे घराण्याचे टोपणनावही येते, कारण एकाच आडनावाची पंधरा घरे असलेल्या गावात त्यावाचून गिऱ्हाईक पोचतच नाही. सजावट करण्यास जागा आणि पैसा नसल्यामुळेच या चौकटींत गावाची ओळख शिल्लक राहिली आहे. मुखपृष्ठाला जे साधत नाही ते या सुताराला न ठरविता साधते.

भाषेची गोष्टही रूपाशीच निगडित आहे. अंकाचे नाव पुष्कळदा सामवेदीत अथवा वाडवळीत असते, आत मात्र सारे लेखन प्रमाण मराठीत, तेही प्रवचनी थाटाचे. बोलीला जागा मिळते ती विनोदाच्या कोपऱ्यात, तिरप्या अक्षरांत, हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राशेजारी. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाला 1616 साली रोमन लिपीचा वेश घ्यावा लागला, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. आज प्रत्येक अक्षर बोटाशी असताना आजीची भाषा विनोदापुरती ठेवणे ही कोणाची सक्ती नव्हे; ती आमचीच निवड आहे. तिरप्या अक्षरांतून तिला सरळ अक्षरांत आणणे, शेतीवरचा, आजारपणावरचा, वाटणीच्या भांडणावरचा एखादा गंभीर लेख तिच्यात छापणे, याला खर्च शून्य आहे.

सर्वांत आधी वाचले जाणारे पान दिवंगतांचे असते. चांगल्या अंकांत या पानाची मांडणी अतिशय साधी आढळते. सर्वांची छायाचित्रे एकाच आकाराची, खाली नाव, वय, आळी आणि दफनाची तारीख. जमीनदार आणि त्याच्या वाडीत राबलेला मजूर तेथे शेजारी शेजारी, सारख्याच चौकटीत येतात. मांडणीच्या दृष्टीने आमच्या अंकांतील हे सर्वोत्तम पान होय, आणि कोणत्याही सजावटकाराने ते रचलेले नाही. पण अलीकडे त्याच्या समोरच पुण्यस्मरणाच्या सशुल्क जाहिराती येऊ लागल्या आहेत, पूर्ण पान, अर्धे पान, पाव पान. छायाचित्राचा आकार कुटुंबाच्या ऐपतीवर ठरू लागला की डावीकडच्या पानावरची समता उजवीकडच्या पानावर मोडते. उत्पन्नासाठी हे आवश्यक असेल, तर निदान ही पाने एकमेकांसमोर तरी नसावीत.

अंकाच्या तळाशी ‘केवळ खाजगी वितरणासाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘खाजगी’ असल्यामुळे ग्रंथालये हे अंक जपत नाहीत, आणि धर्मग्रामाच्या कचेरीतही जुना गठ्ठा पावसाळ्यात ओला होऊन जातो. दिवंगतांची ती पाने जपली तरी गावाचा अर्धा इतिहास हाती राहील. पण त्या शब्दाची दुसरीही एक बाजू आहे. ‘खाजगी’ म्हणजे कोणाचे? वसई रोड, नालासोपारा या बाजूला मुंबईतून येऊन स्थायिक झालेल्या गोवेकर, मंगळुरी आणि केरळी कुटुंबांकडेही हा अंक जातो. त्यांच्या आठवणीत ना रहाट आहे, ना लाल लुगडे. मुखपृष्ठ त्यांना दर महिन्याला, अत्यंत सौम्यपणे, पाहुणे ठरविते. त्यांच्यातले कोणी निवर्तले की दिवंगतांच्या पानावर नावाखाली आळीच्या जागी इमारतीचे नाव, विंग आणि मजला लिहावा लागतो. काही ठिकाणी ती ओळ गाळून नुसते नाव छापतात, बहुधा ती इतर ओळींत विजोड दिसते म्हणून. ती गाळू नये. विंग आणि मजला आळीच्याच टंकात, त्याच आकारात छापावा.