‘मी निजलो आहे’ : माल्कम ह्यांच्या स्वप्नमीमांसेचे परीक्षण

नॉर्मन माल्कम ह्यांचा ‘ड्रीमिंग’ हा छोटेखानी ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. निद्रेत मनुष्य विचार करतो, निर्णय घेतो, ही देकार्तपासून रूढ असलेली धारणाच त्याने अर्थशून्य ठरविली. ग्रंथाचा सारा भार ‘मी निजलो आहे’ ह्या एका वाक्याच्या विश्लेषणावर आहे. हे वाक्य जो उच्चारतो तो निजलेला नसतो. आणि निजलेल्याने ते मनाशी म्हटले किंवा नाही, हे पडताळण्याचा मार्ग नाही. म्हणून त्यास विधानाचा दर्जा देता येत नाही, असे माल्कम मानतात. स्वप्नाची कसोटी त्यांच्या मते एकच : जागृतीनंतरचे कथन.

ह्या युक्तिवादाची खरी परीक्षा होते ती भानयुक्त स्वप्नांच्या संदर्भात. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे ज्यात उमगते, त्या स्वप्नांना फ्रेडरिक व्हान एडेन ह्या डच लेखकाने १९१३ च्या निबंधात ‘ल्युसिड’ असे संबोधिले. तथापि त्याची सामग्री म्हणजे जागे झाल्यावर लिहिलेली टिपणेच होती. तिने माल्कम ह्यांच्या मतास बाध येत नव्हता.

१९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न ह्यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. स्वप्ने पडतात त्या शीघ्र नेत्रचलनाच्या निद्रेत अंगाचे स्नायू शिथिल असतात. डोळ्यांचे मात्र नसतात. म्हणून स्वप्नात भान येताच डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवावयाचे, असा संकेत अ‍ॅलन वर्स्ली ह्यांच्याशी आधी झाला होता; तो निद्रेतच यंत्रावर उमटला. स्टीफन लबर्ज व त्यांचे सहकारी ह्यांचे तशाच स्वरूपाचे संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी तर निजलेल्यांस सोप्या वजाबाक्या घातल्या, आणि काहींनी नेत्रसंकेतांनी बरोबर उत्तरे दिली.

ह्यावर माल्कम ह्यांच्या पक्षाचे उत्तर सहज सुचते : जो संकेत देतो तो पुरता निजलेलाच नव्हे. परंतु हे उत्तर फार महाग पडते. मिटलेले डोळे, शिथिल शरीर, भोवतालाविषयी बेफिकिरी आणि मागाहून ‘मी निजलो होतो’ अशी कबुली, ही निद्रेची नित्य व्यवहारातील लक्षणे येथे यंत्राच्या नोंदीशी जुळतात. इतके असूनही निद्रा नाकारावयाची, तर ‘निजलेला काही सांगू शकत नाही’ हा सिद्धान्त उरत नाही. उरते ती केवळ निद्रेची व्याख्या. जे सिद्ध करावयाचे तेच व्याख्येत आधी घातलेले असते.

अर्थात ह्या प्रयोगांचा अधिक अर्थ काढणेही युक्त नव्हे. संकेताचा अर्थ जागेपणीच ठरलेला असतो, आणि भान नसलेल्या सामान्य स्वप्नांविषयी जागृतीनंतरच्या कथनाचे महत्त्व कायम राहते. शिवाय, अर्थाला सार्वजनिक कसोटी हवी हा माल्कम ह्यांचा आग्रह प्रयोगांनी मोडला नाही. उलट तो पुरा केला. त्यांची चूक आग्रहात नव्हती. अशी कसोटी निद्रेत लाभणे अशक्यच, हे त्यांनी तर्काच्या बळावर गृहीत धरले, ही ती चूक होय. एखादी गोष्ट अद्याप पडताळता आलेली नाही, एवढ्यावरून ती पडताळता येणारच नाही असे म्हणण्याचा अधिकार तर्कशास्त्रास पोहोचत नाही.