घरगुती नियम आणि कल्पित प्रदेश : आरे वसाहतीच्या संदर्भात

नियम म्हणजे काय, या प्रश्नापाशी भाषाशास्त्र आणि क्रीडाविचार यांची गाठ अनेकदा पडली आहे. सोस्यूरने भाषेचे स्वरूप विशद करताना बुद्धिबळाचा दृष्टान्त वापरला. व्हिटगेन्श्टाइनने भाषाव्यवहाराच्या विविध रूपांना भाषा-खेळ अशी संज्ञा दिली. मात्र या विवेचनात लक्ष गेले ते नियम स्थिरावलेल्या खेळांकडे. खेळणारेच जेथे नियम घडवितात, मोडतात आणि पुन्हा घडवितात, असा एक खेळप्रकार गेल्या अर्धशतकात रूढ झाला आहे. नियमाचे जन्मस्थान पाहावयाचे असेल तर तो अधिक उद्बोधक ठरतो.

हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ. प्रत्येक खेळाडू एका कल्पित व्यक्तीच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. एक सूत्रधार उरलेले सारे जग सांभाळतो. आणि जेथे कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात इतक्या जागा मोकळ्या होत्या की प्रत्येक मंडळाला काही नियम स्वतः रचणे भागच पडले. आर्नेसनचा ‘ब्लॅकमूर’ हा प्रदेश तर या पुस्तिकांच्याही आधीचा, त्याच्या मित्रमंडळात खेळला गेलेला. अशा स्वरचित नियमांना व प्रदेशांना खेळाडू ‘होमब्रू’ म्हणतात. येथे त्यांना घरगुती नियम व कल्पित प्रदेश म्हटले आहे.

कल्पित प्रदेशाची समीक्षा सामान्यतः वर्णनाच्या अंगाने होते. नकाशा किती सविस्तर आहे, नावे किती सुसंगत आहेत, इतिहास किती खोल आहे, हे पाहिले जाते. ही कसोटी अपुरी आहे. भाषाशास्त्रात एखादा ध्वनी अर्थभेदक आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याच्या जागी दुसरा ठेवून पाहतात : ‘काळ’मधील ‘क’च्या जागी ‘ग’ ठेवला की ‘गाळ’ होतो, म्हणून हा भेद मराठीत सार्थ. हीच प्रतिस्थापनेची कसोटी खेळाला लावता येते. प्रदेशाचे नाव व साजशृंगार बदलून पाहावा. नियम जसाच्या तसा चालत राहिला, तर तो प्रदेश केवळ रंगकाम होता. नियम अडखळला, तरच त्या प्रदेशाला खेळात अर्थ होता.

महाराष्ट्रातील दोन जुन्या खेळांवरून हा भेद स्पष्ट होईल. मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. त्याच्या घरांना गुणांची व दोषांची नावे. दोषाच्या घरी साप, गुणाच्या घरी शिडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि कालांतराने त्याच्या घरांवरील नावे गळून केवळ अंक उरले. खेळ मात्र बिनतक्रार चालू राहिला. याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. सोंगटी कोणत्या घरी जाणार हे फासा ठरवितो. खेळणारा गुणाची वा दोषाची निवड करीतच नाही. नीती नावांत होती, नियमांत नव्हती. म्हणून ती सहज सोलून काढता आली. फाशाच्या अधीन असलेला जीव हा त्या खेळाचा आशय आहे असे म्हणता येईल. पण तो आशय अंकांच्या पटावरही तितकाच शिल्लक राहतो.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची गोष्ट वेगळी. एकशेवीस पाने, दहा अवतारांचे दहा रंग. खेळ दिवसा असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो पहिली उतारी करतो. रात्री असेल तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. राम सूर्यवंशी, त्याचा जन्म माध्यान्हीचा. कृष्ण चंद्रवंशी, त्याचा जन्म मध्यरात्रीचा. येथे रामकृष्णांच्या जागी लाल व निळा ठेवून पाहावे. नियम पाळता येईल, पण दिवसा लालच का, याचे उत्तर उरणार नाही. पुराणाचे एक वाक्य येथे खेळाच्या व्याकरणात उतरले आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना याहून जवळचे उदाहरण एम. ए. आर. बार्कर यांचे आहे. क्लॅमथ या अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या व मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकविणाऱ्या या अभ्यासकाने ‘टेकुमेल’ नावाचे जग रचले. त्यातील त्सोल्यानी भाषेचे व्याकरण त्यांनी सिद्ध केले; समोरच्याला संबोधण्याची दर्जानुसार कितीतरी रूपे तिच्यात आहेत. १९७५ मध्ये या जगावर आधारलेला ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या लढाईचा, जखमांचा आणि अनुभवगुणांचा सांगाडा बहुतांशी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चाच राहिला. शब्दसंग्रह स्वतःचा आणि वाक्यरचना उसनी, अशी ही स्थिती होय. जी गोष्ट बार्कर यांच्यासारख्या व्याकरणकाराला टाळता आली नाही, ती घरगुती प्रदेश रचणाऱ्या सामान्य सूत्रधाराला सहज टाळता येईल असे मानण्याचे कारण नाही.

ही अडचण किती खोल आहे हे पाहण्यास आरे वसाहतीइतके चांगले स्थळ मुंबईत दुसरे नाही. १९४९ मध्ये शहरातील तबेले बाहेर हलविण्यासाठी स्थापन झालेली दुग्धवसाहत, तिच्या पूर्वीपासून तेथे नांदणारे वारली, मल्हार कोळी, कोकणा यांचे पाडे, उत्तरेस राष्ट्रीय उद्यान आणि लगतच चित्रनगरी. कथेला लागणारी सारी सामग्री येथे आयती आहे, आणि धोकाही तेथेच आहे. या परिसरातील झाडी पडद्यावर कितीतरी अनाम अरण्यांची भूमिका करीत आली आहे. सूत्रधारानेही तिला तेच काम दिले, तर प्रतिस्थापनेच्या कसोटीत आरे पहिल्याच पायरीवर नापास होईल.

बिबट्याचेच उदाहरण घ्यावे. प्रचलित पद्धतीत प्रत्येक प्राण्याला जखमा सोसण्याचे अंक असतात व त्याला मारणाऱ्यास अनुभवगुण मिळतात. या नियमात बिबट्या बसविला की त्याने विस्कॉन्सिनमधल्या कल्पित गुहेत राहावे की आरेत, याने काहीच फरक पडत नाही. प्रत्यक्षातील साखळी निराळी आहे. उघड्यावरचा कचरा वाढला की भटकी कुत्री वाढतात. कुत्री वाढली की बिबट्या वस्तीच्या कडेला येतो. वारली समाजात तर वाघोबा हा देव आहे, वाघ व बिबट्या दोघेही त्याच्या कक्षेत येतात, आणि वाघबारसेला त्याची पूजा होते. पूजा करणारा व पूजिला जाणारा यांच्यात येथे परस्परांची देणी आहेत. तेव्हा आरेचा बिबट्या खेळात आणावयाचा तर फासा त्याच्या जखमांवर नव्हे, वस्तीच्या वर्तनावर पडला पाहिजे : कचरा कोठे टाकला, रात्री कोण एकटे बाहेर पडले, कोणते देणे राहून गेले.

बिबट्यापुरता एक अपवाद करून मूळ नियम राखता येईल, असे यावर म्हटले जाईल. पाणिनीय परंपरेत उत्सर्गाला अपवाद बाधतो, आणि घरगुती नियम हे बहुधा अपवादच असतात. परंतु बिबट्याला अपवाद, देवाला अपवाद, जमिनीला अपवाद, असे होत गेले, तर अपवाद वाढले असे न म्हणता उत्सर्गच चुकीचा निवडला, असे म्हणावे लागते.

जमिनीचा अपवाद तर नाट्यमय आहे. आरेला ‘वन’ म्हणावे की नाही, या प्रश्नावरील याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या. त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे पडून गेली होती. पुढे २०२० मध्ये शासनाने सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर केली. झाडे असणे ही निसर्गाची गोष्ट; ‘वन’ असणे ही नियमाने घडणारी गोष्ट. जेथे एका शब्दाच्या कक्षेवर झाडांचे जगणे ठरते, त्या प्रदेशाच्या खेळात तलवारीपेक्षा दप्तरातील नोंद अधिक धारदार असावयास हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतके नियम हवेतच कशाला? सूत्रधाराचा विवेक पुरेसा नाही काय? रायस्वित्सच्या १८२४ च्या युद्धखेळातील नियमांचा भार असह्य झाला तेव्हा व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने १८७६ मध्ये हाच मार्ग सुचविला : कोष्टके बाजूस ठेवून पंचाने निर्णय द्यावा. तो यशस्वी झाला, कारण पंच व खेळाडू एकाच प्रशियन लष्करी शिक्षणात वाढले होते. त्यांचे व्याकरण अलिखित असले तरी समाईक होते. बोरिवलीच्या सदनिकेत बसून पाड्यावरच्या जीवनाविषयी निर्णय देणाऱ्या सूत्रधाराची स्थिती अशी नाही. मातृभाषिकाला व्याकरण लिहून ठेवावे लागत नाही. परभाषिकाने ते लिहावे, म्हणजे निदान त्याची चूक दाखविता येते. नियम लिहिण्याचे खरे मूल्य येथे आहे. सूत्रधाराच्या मनातला समज पाड्यावरील माणसाला खोडता येत नाही. कागदावरचा नियम खोडता येतो.

याच न्यायाने काही ठिकाणी नियम न करणे हाही नियम ठरतो. वाघोबा हा जिवंत श्रद्धेचा विषय आहे. त्याला अंक देणे, त्याची कृपा फाशावर मोजणे, हे त्याला प्राण्यांच्या कोष्टकात परत ढकलणे होय. त्याची देणी खेळात यावीत, तो स्वतः येऊ नये.

तात्पर्य, घरगुती प्रदेशाचे मोल त्याच्या नावीन्यात वा वर्णनसमृद्धीत शोधू नये. त्या प्रदेशावाचून जो सुचलाच नसता असा एक तरी नियम त्याने दिला काय, हे पाहावे. गंजिफा खेळणाऱ्यांना सूर्य मावळला की उतारीचा मान बदलावा लागतो. आरे खेळणाऱ्यांना अंधार पडल्यावर काय बदलावे लागेल, याचे उत्तर ज्या सूत्रधारापाशी आहे, त्याच्यापाशी आरे आहे.